गाडीचं पांढरं पडलेलं काळं प्लास्टिक आणि रबर: गोव्यात ते परत काळं कसं करायचं आणि टिकवायचं कसं

गोव्यात गाडी तीन-चार वर्षं उघड्यावर उभी राहिली की पत्र्याचा रंग एकवेळ तग धरतो पण काळं प्लास्टिक हमखास मार खातं. बंपरचा खालचा भाग, चाकांवरची काळी पट्टी म्हणजे क्लॅडिंग, आरशाचा पाया, वायपरखालची जाळी म्हणजे काउल, छपरावरच्या दांड्या म्हणजे रूफ रेल, सगळं राखाडी आणि त्यावर पांढरट ढग. इंजिन ठणठणीत असलं तरी गाडी म्हातारी दिसते आणि विकायला काढली की गिऱ्हाईक पहिला भाव तिथेच पाडतं. हे घरच्या अंगणात नीट करता येतं, मशीन-बिशीन लागत नाही, एक अख्खी सकाळ आणि थोडा धीर लागतो. नवीन लोकांचं काम फसतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, खालचा मळ आणि जुनं तेल तसंच ठेवून वरून महागडी बाटली ओततात आणि पहिल्या पावसात सगळं वाहून गेलं की बाटलीला शिव्या घालतात. त्यामुळे ह्या लेखात लावण्यापेक्षा धुण्यावर जास्त लिहिलंय, कंटाळा आला तरी तो भाग गाळू नका.

पांढरं होतं कशानं

ह्या काळ्या पार्टांवर रंग नसतो, प्लास्टिकच काळं ओतलेलं असतं. क्लॅडिंग किंवा बंपरची आतली बाजू बघायला मिळाली तर पीपी, ईपीडीएम, टीडी२० असले शिक्के दिसतात. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, लवचिकपणासाठी त्यात थोडं रबर आणि साधारण २० टक्के टाल्क, हो तीच, पावडरच्या डब्यातली. कारखान्यात त्यात उन्हापासून वाचवणारी केमिकलं घालतात पण ती वर्षागणिक खर्च होत जातात, आणि ती संपली की यूव्ही किरणं वरच्या अगदी पातळ थराला फोडायला लागतात. त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतली टाल्क उघडी पडते, उजेड त्या भेगांत विखुरतो आणि आपल्याला राखाडी दिसतं. खालचं प्लास्टिक काळंच असतं.

खात्री करायची असेल तर बॉनेट उघडा आणि काउलचा जो भाग बॉनेटखाली झाकलेला राहतो तो बघा. एकाच तुकड्यावर एक रेघ दिसेल, रेघेच्या आत कोळशासारखा काळा आणि बाहेर राखेसारखा. तुमच्या गाडीचा मूळ काळा कोणता होता ते तिथे कळतं आणि काम झाल्यावर ताडून बघायलाही तोच भाग उपयोगी पडतो. (काही लोक नंबर प्लेटमागे बघा म्हणतात, पण एचएसआरपी म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी प्लेटचे लॉक तोडल्याशिवाय निघत नाहीत, त्या भानगडीत पडू नका.)

गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर आहे, एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो आणि यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो. वर्षाला पाऊस ३,००० मिमीच्या आसपास. म्हणजे आठ महिने ऊन भाजतं आणि चार महिने पाऊस धुतो, वर लावलेलं काहीही ह्या दोघांतून पार पडायला हवं. त्यात साखळी-डिचोली बाजूला तांबडी धूळ, ती प्लास्टिकच्या खरबरीत दाण्यात जाऊन बसते. किनाऱ्याकडच्या लोकांना मिठाची भीती वाटते, पण मीठ पॉलिप्रॉपिलीनला फारसं काही करत नाही, ते खातं आतल्या लोखंडी क्लिपा आणि स्क्रू. तिथेही प्लास्टिकला मारणारं ऊनच.

आधी तीन टेस्ट

गाडी धुतल्यावर सुकलेल्या प्लास्टिकवर काळं कापड दाबून घासा. कापडावर पांढरी भुकटी आली तर वरचा थर सुटतोय, तो काढावा लागणार.

दुसरी टेस्ट पाण्याची. ओल्या फडक्याने एक वीतभर जागा भिजवा. भिजल्यावर मस्त काळी होते आणि सुकली की परत राखाडी, असं असेल तर आनंद माना, कारण पाणी भेगा भरतंय म्हणून काळं दिसतंय आणि चांगलं कोटिंग तेच काम कायमस्वरूपी नाही तरी बराच काळ करेल. ओलं असतानाही पांढरे डाग तसेच दिसत असतील तर तो बहुतेक गाडी पॉलिश करताना लागलेला आणि दाण्यांत सुकलेला वॅक्स असतो. प्लास्टिक खराब नाही, फक्त खरकटं आहे.

तिसरी, नखाने हलकं खरवडून बघा. पापुद्रा निघतोय किंवा उभ्या-आडव्या भेगा डोळ्याने दिसतायत, तर ह्या लेखातली बाटलीवाली पद्धत पुरणार नाही, शेवटी रंगाबद्दल लिहिलंय तिकडे जा.

आणि एक बघून घ्या, तो पार्ट खरंच खरबरीत काळ्या प्लास्टिकचा आहे ना. दारांच्या मधल्या खांबावर चकचकीत काळी पट्टी असते, पियानो ब्लॅक म्हणतात ती, तिच्यावर ब्रश फिरवला तर चरेच चरे पडतात. तिला हे काहीही लागू नाही.

हे करू नका

खोबरेल तेल. घराघरात असतं, फुकट असतं आणि लावल्यावर दहा मिनिटं गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसते, म्हणून दरवर्षी चवथीच्या आधी कोणीतरी हे करतंच. दोन दिवसांत त्यावर तांबड्या धुळीचा चिखल बसतो, दाण्यांत घट्ट होतो आणि तो काढायला तुम्हाला दुप्पट घासावं लागतं. उन्हापासून संरक्षण म्हणाल तर शून्य.

बूट पॉलिश. काळं होतं खरं, पण दाराजवळच्या क्लॅडिंगवर लावलं की उतरताना पॅंटला लागतं, आणि पाऊस पडला की काळे ओघळ पांढऱ्या दारावर.

डिझेल आणि केरोसीन. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला डिझेल नाहीतर जुनं ऑईल मारून घ्यायची सवय किनारपट्टीवर अजून आहे, गंज लागू नये म्हणून. पत्र्याचं काय व्हायचं ते होवो, पण दाराची रबरं ईपीडीएमची असतात आणि ईपीडीएमला पेट्रोलियम तेल अजिबात चालत नाही, ते फुगतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं. त्याच कारणाने डब्ल्यूडी-फॉर्टीसुद्धा रबरावर नको. बिजागरीला मारा, रबराला नाही.

रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल जवसाचं तेल रील्सवर फार चालतं. हे तेल हवेत सुकून घट्ट होतं त्यामुळे खोबरेलपेक्षा जास्त टिकतं हे मान्य, पण आपल्या दमट हवेत ते चिकट राहतं आणि मग तीच धुळीची कथा. शिवाय एक गंभीर गोष्ट, जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. लावायचंच असेल तर फडकी पाण्यात बुडवा किंवा मोकळी पसरून वाळवा.

हीट गन. व्हिडिओत जादू दिसते, गरम हवा फिरली की राखाडी बंपर काळा. होतं काय, तर वरचा फुटका थर वितळून परत सपाट होतो. पण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशाला वितळतं आणि हीट गनच्या तोंडाशी हवा सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट गरम असते, म्हणजे हात एका जागी क्षणभर रेंगाळला की दाणा गेला, तिथे चकचकीत डाग कायमचा. बाजूचा रंग, पार्किंग सेन्सर, आतली वायर हे वेगळंच. आणि एवढं करून प्लास्टिकमधली यूव्हीविरोधी केमिकलं काही परत येत नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पांढरं. नवशिक्याने हात लावू नये असं माझं स्पष्ट मत.

कधी करायचं

ऑक्टोबर संपता संपता पाऊस थांबतो, तेव्हापासून नोव्हेंबरभर सगळ्यात बरं. ते चुकलं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे पाऊस यायच्या आत कोटिंग पक्कं होईल. भर पावसाळ्यात करायचंच असेल तर छप्पर असलेला पोर्च हवा जिथे गाडी निदान एक दिवस कोरडी उभी राहील. डिसेंबर-जानेवारीत लोक फसतात ते दंवामुळे. दिवसभर कडक ऊन असतं म्हणून दुपारी कोटिंग मारतात, गाडी रात्री बाहेर ठेवतात, आणि सकाळी बघावं तर बंपर दंवाने निथळतोय आणि कोटिंगवर पाण्याचे गोल डाग उठलेत. त्या दिवसांत सकाळी लवकर धुवून दहापर्यंत मारून मोकळे व्हा आणि रात्री गाडी आत घ्या, नाहीतर निदान छपराखाली.

थेट उन्हात तर मुळीच नको. प्लास्टिकला हात लावून चटका बसत असेल तर प्रोडक्ट पसरायच्या आत सुकतं आणि पट्टे राहतात.

सामान

कार शॅम्पू, एपीसी म्हणजे ऑल पर्पज क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ नायलॉनचा ब्रश, एक-दोन जुने टूथब्रश, पाच-सहा मायक्रोफायबर कपडे, मास्किंग टेप, हातमोजे, स्पंजचा अॅप्लिकेटर. अल्कोहोल मेडिकलवाल्याकडे ७० टक्क्यांचं मिळतं ते चालतं. म्हापसा, मडगाव, फोंडा कुठल्याही कार अॅक्सेसरीजच्या दुकानात बाकीचं मिळतं, आता ऑनलाइनही येतं. मास्किंग टेप मात्र हार्डवेअरच्या दुकानातली निळी घ्या, पिवळी स्वस्तातली उन्हात चिकटून बसते आणि डिंक मागे सोडते.

आता लावायचं काय. बाजारात पन्नास नावं आहेत पण जाती तीनच.

पहिली ड्रेसिंग. दुधासारखं पांढरं पाणीदार असतं ते वॉटर बेस्ड, आणि चिकट पारदर्शक तेलकट असतं ते सिलिकॉन ऑईल सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं. दोन्ही वर बसतात, आत काही दुरुस्त करत नाहीत. काही आठवडे टिकतात, पावसाळ्यात त्याहूनही कमी. पाणीदार प्रकारात थ्री-ओ-थ्री एरोस्पेस प्रोटेक्टंटसारखी यूव्ही रोखणारी असतात, ती प्लास्टिक अजून काळं आहे तोवर लावायला उत्तम, म्हणजे हे नव्या गाडीचं औषध.

दुसरी डाय असलेली, काळा रंग प्लास्टिकच्या दाण्यांत मुरवणारी. फार पांढरं पडलेल्यासाठी हीच. हाताला लागली तर दोन-तीन दिवस जात नाही, मोजे घाला.

तिसरी सिरॅमिक ट्रिम कोटिंग, छोटी बाटली, महाग. सुकून कडक पारदर्शक पापुद्रा होतो जो भेगा भरतो आणि पावसाने निघत नाही. बाटलीवर दोन-दोन वर्षं लिहिलेलं असतं ते सोडून द्या, आपल्याकडे उघड्यावरच्या गाडीला एक उन्हाळा आणि एक पावसाळा निभावला तरी पैसे वसूल समजायचे.

पैसे एकदाच घालायचे असतील तर मी सिरॅमिकच सांगेन, आणि प्लास्टिक अगदी राखाडी असेल तर आधी डाय आणि ती पूर्ण सुकल्यावर वर कोटिंग. पण हे दोन्ही एकमेकांवर चालतात का ते बाटलीवर वाचून घ्या, काही कंपन्या स्वच्छ उघड्या प्लास्टिकवरच मारा म्हणतात.

धुणे, आणि परत धुणे

आधी अख्खी गाडी शॅम्पूने धुवा, खालची माती पाइपने नीट उडवा. प्रेशर वॉशर असेल तर स्टिकर, रबरांच्या कडा आणि सेन्सरपासून हातभर लांब धरा.

मग एपीसी एक भाग आणि पाणी दहा भाग, स्प्रेच्या बाटलीत. एका वेळी एकच पार्ट घ्यायचा, समजा पुढच्या चाकावरची क्लॅडिंग. स्प्रे करा, अर्धा मिनिट थांबा, ब्रशने घासा, उभं, आडवं आणि गोल, कारण दाणे सगळ्या दिशांना असतात आणि एकाच दिशेने घासलं तर एका बाजूचा मळ तसाच राहतो. फेस बघा. पहिल्या वेळी तो चहाच्या रंगाचा येईल, त्यात तांबडी माती, जुनं ड्रेसिंग, सगळं असतं. सुकायच्या आत पाण्याने धुवा. परत स्प्रे, परत ब्रश. फेस पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवायचं, कधी दोनदा पुरतं, कधी चारदा लागतं, आणि ज्या गाडीला वर्षानुवर्षं वॉशिंगवाल्याने फुकटचं चकचकीत पाणी मारलंय तिला अजून जास्त. ते सिलिकॉन ऑईल असतं आणि ते सहज सुटत नाही.

सुटलं का ते पाण्यावरून कळतं. स्वच्छ प्लास्टिकवर पाणी सपाट चादरीसारखं पसरतं. अजून थेंब थेंब गोळा होत असतील तर आत काहीतरी तेलकट शिल्लक आहे, पुन्हा घासा.

वॅक्सचे पांढरे डाग टूथब्रश आणि किंचित जास्त घट्ट एपीसीने जातात, म्हणजे एकास पाच. अगदी हट्टी असतील तर शाळेतला पांढरा खोडरबर फिरवून बघा, हसू नका, काम करतो. मॅजिक स्पंज म्हणून जो पांढरा स्पंज मिळतो तो खरं तर बारीक पॉलिश पेपरच आहे, जोरात दाबला तर दाणा गुळगुळीत होतो, फक्त भुकटी सुटत असलेल्या जागी आणि अगदी हलक्या हाताने. थिनर, अॅसिटोन कधीही नाही, ग्रिल आणि आरशाची कव्हरं बऱ्याचदा एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची असतात आणि एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं.

कपड्याने पुसून नंतर तासभर सावलीत सुकू द्या. सांध्यांत आणि क्लिपांच्या मागे पाणी लपलेलं असतं, नेमकं कोटिंग मारताना ते ओघळतं. फुगे फुगवायचा पंप किंवा ब्लोअर असला तर फुंकून घ्या. शेवटी अल्कोहोलने एक हात पुसून काढा, ७० टक्क्यांचं तसंच, ९९ टक्क्यांचं असेल तर निम्मं पाणी घालून. इथून पुढे प्लास्टिकला बोट लावायचं नाही.

लावणे

रंगाला जिथे प्लास्टिक भिडतं तिथे टेप लावा. कंटाळवाणं काम आहे पण पांढऱ्या गाडीच्या दारावर काळ्या डायचा ओघळ सुकला की टेपची किंमत कळते.

कुठेतरी खाली, सहज न दिसणाऱ्या जागी दोन इंचाचा ठिपका लावून दहा मिनिटं बघा. रंग जुळतोय, पट्टे येत नाहीत, मग पुढे.

सिरॅमिक असेल तर अॅप्लिकेटरवर सहा-सात थेंब, जास्त नको. साधारण एका फुटाची जागा घ्या, आधी आडवं फिरवा मग उभं. दाण्यांच्या खाचा भरतायत ना ते वाकून, बाजूने उजेड पाडून बघा, समोरून सगळं काळंच दिसतं आणि सुटलेल्या जागा दुसऱ्या दिवशी उन्हात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उठतात. मग थांबायचं. बाटलीवर दोन ते पाच मिनिटं लिहिलेलं असतं, पण दमट हवेत कोटिंग लवकर पकडतं, म्हणून आपल्याकडे कमीत कमी वेळ धरा आणि एक छोटी जागा पूर्ण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर जे जास्तीचं, इंद्रधनुष्यासारखं चमकतंय ते कोऱ्या मायक्रोफायबरने हलकं टिपून सारखं करा. हे राहिलं तर सुकल्यावर चमकदार डाग राहतात आणि मग ते घासूनच काढावे लागतात.

प्लास्टिक खूप तहानलेलं असेल तर पहिला हात पिऊन टाकतं, तासाभराने दुसरा मारा. तिसऱ्याची गरज सहसा नसते.

त्यानंतर २४ तास पाणी नाही, आठवडाभर शॅम्पू नाही. वापरलेला अॅप्लिकेटर टाकून द्या, तो दगड होतो.

डायची पद्धत जवळपास हीच, फक्त तिला नीट चोळून मुरवायचं आणि जास्तीची पुसून काढायची.

काउलबद्दल वेगळं सांगतो. वायपरखालच्या जाळीवर तेलकट ड्रेसिंग कधीच नको. पहिल्या जोरदार सरीत ते काचेवर येतं, वायपर ते अख्ख्या काचेवर फासतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या बसचे लाइट त्यात असे फाकतात की रस्ताच दिसत नाही. तिथे फक्त कोटिंग किंवा काहीच नाही. काउल साफ करताय तर बॉनेट उघडून त्याच्या बाजूची पाणी जायची भोकंही बघा, आंब्या-फणसाखाली गाडी लावणाऱ्यांच्या तिथे पानांचा लगदा साठलेला असतो, तो जूनमध्ये तुंबला की पाणी थेट पायाशी.

रबरं

प्लास्टिकवाली बाटली रबराला मारायची नाही. रबराला काळेपणा नको, मऊपणा हवा.

दाराभोवतीचं जाड रबर, डिकीचं रबर: साबणाचं कोमट पाणी आणि कपडा, पुरे. पावसाळ्यात काचेच्या कडेला आणि रबराच्या घडीत हिरवं शेवाळ धरतं, ते टूथब्रशने काढा, ब्लीच नको. रबराची ओठासारखी घडी बोटाने उघडून आत बघा, खरी माती तिथे असते, आणि तीच दार लावताना रंगाला घासते. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात, काडीने मोकळी करा, नाहीतर दार आतून गंजतं.

पूर्ण सुकल्यावर सिलिकॉन ग्रीस, बोटावर वाटाण्याएवढं, आणि ते हातभर लांबीत चोळायचं. चमक दिसली म्हणजे जास्त झालं. दहा मिनिटांनी कोरड्या कपड्याने पुसा म्हणजे कपड्यांना लागणार नाही. उन्हाळ्यात दार उघडताना रबर चिकटून चर्रकन आवाज येतो तो ह्याने जातो. वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि पावसानंतर.

काच ज्या खाचेत वर-खाली होते तिथे आत मखमलीसारखी लव असते. तिथे ग्रीस घातलं तर काचेवर पट्टे येतात आणि धूळ धरते. लव धुवून सुकवा आणि कोरड्या प्रकारचा सिलिकॉन स्प्रे नळी लावून थोडासा मारा, मारताना बाजूच्या रंगावर कपडा धरा. रंगावर सिलिकॉन बसलं तर पुढे कधी टचअप करताना रंग तिथे धरत नाही, डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात, आणि पेंटर तुमच्या नावाने बोंब मारतो.

काचेच्या बाहेरची आडवी पट्टी, बीडिंग म्हणतात ती, काही गाड्यांत आतून लोखंडी पट्टीवर बसवलेली असते. समुद्राजवळच्या गाड्यांत ती पट्टी गंजून फुगते आणि रबर वर उचलतं. त्याला कुठलीही बाटली नाही, नवी बीडिंग घाला.

वायपरच्या रबराला काहीही लावायचं नाही, ओल्या कपड्याने पुसायचं, वर्षाने बदलायचं. टायरच्या बाजूचा तपकिरी रंग मळ नसतो. रबर ओझोनने चिरू नये म्हणून त्यात जे केमिकल घातलेलं असतं ते हळूहळू वर येतं आणि तपकिरी पडतं. ब्रशने धुवा, वॉटर बेस्ड ड्रेसिंग पातळ लावा, तेही फक्त बाजूला. जमिनीला टेकणाऱ्या भागावर, ब्रेक डिस्कवर, पेडलवर कधीच नाही. आणि स्कूटरवाल्यांनो, तुम्ही टायरला अजिबात लावू नका, वळणावर स्कूटर कलली की टायरची कडच रस्त्याला टेकते. स्कूटरच्या काळ्या मडगार्डला आणि आरशांना वरची सगळी पद्धत चालते, पाय ठेवायच्या जागेला आणि मुठींना नाही.

नंतर टिकवणं

महिन्यातून दोनदा साध्या शॅम्पूने धुवा, वॉशिंग पावडर नको. वॉशिंग सेंटरला दिली तर गाडी खाली ठेवायच्या आधीच सांगा की प्लास्टिकला आणि टायरला काही मारू नका, नंतर सांगून उपयोग नाही, त्याचा पोरगा स्प्रे घेऊन तयारच असतो. दोन-तीन महिन्यांनी यूव्हीवालं पाणीदार प्रोटेक्टंट कोटिंगवरून फिरवलं तर कोटिंग जास्त जगतं.

गाडी रोज त्याच जागी त्याच तोंडाने लावत असाल तर पश्चिमेची बाजू जास्त पांढरी पडते, कधी कधी उलटी लावा. सावली सगळ्यात भारी, पण माडाखाली नको, कारण सांगायला नको. काजूच्या झाडाखालीही नको, चीक पडतो. हिरवी शेडनेट बांधून घेतलीत तर तेवढंही पुरतं. कव्हर घालायचं तर गाडी धुतलेली असेल तेव्हाच, धुळीवर कव्हर वाऱ्याने हललं की ते घासतं. पावसाळ्यात प्लास्टिकची ताडपत्री ओढून महिनाभर गावी जाणाऱ्यांच्या गाडीची रबरं आत बुरशीने पांढरी होतात, हवा खेळणारं कव्हर घ्या नाहीतर उघडी ठेवा.

बाटली पुरत नाही तेव्हा

भेगा, पापुद्रे, खोल खरचटे असतील तर रंग. बंपरसाठी दाणेदार काळा स्प्रे मिळतो पण पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही, आधी प्लास्टिक प्रायमर, अॅडहिजन प्रमोटर म्हणतात तो, पातळ हाताने मारावाच लागतो. तो न मारता केलेलं काम पहिल्या प्रेशर वॉशला पापडासारखं सुटतं. छोटे पार्ट, म्हणजे काउल किंवा आरशाचा पाया, काढून रंगवण्यापेक्षा शोरूमच्या पार्ट काउंटरवर नव्याचा भाव विचारा, मेहनत धरली तर बऱ्याचदा नवाच परवडतो.

डिटेलिंगवाल्याकडे द्यायची असेल तर तीनच गोष्टी विचारा: डाय मारणार की कोटिंग की ड्रेसिंग, आधी जुनं सिलिकॉन कशाने काढणार, आणि गाडी रात्रभर आत ठेवणार का. तिसऱ्या प्रश्नाला तो दोन तासांत घेऊन जा म्हणाला तर ड्रेसिंगच मारतोय असं समजा आणि पैसे त्या हिशोबाने द्या.